ऑफिसातला कचरा वेगळा होत नाहीये, लोकांना पुन्हा कसं तयार करू?

तिसरा_मजला

आमच्या ऑफिसात दोन मजल्यांवर मिळून साधारण दीडशे माणसं आहेत. पाच महिन्यांपूर्वी कचरा वेगळा करण्याचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. दोन रंगांच्या डस्टबिन आणल्या, भिंतींवर पोस्टर लावले, सगळ्यांना मेल पाठवली, तासाभराचं एक सत्रही घेतलं. पहिले दोन आठवडे छान गेले. मग हळूहळू ओल्या कचऱ्यात चहाचे कागदी कप दिसायला लागले आणि सुक्यात उरलेलं जेवण.

तरी मी धीर धरून होते. मागच्या महिन्यात एकदा उशिरापर्यंत थांबले होते. साडेसातच्या सुमारास सफाईच्या मावशी आल्या. त्यांनी आधी हिरवी डस्टबिन उचलली आणि काळ्या पिशवीत उलटी केली, मग निळी उचलली आणि त्याच पिशवीत उलटी केली. प्रिंटरपाशी आमचे दोन सहकारी उभे होते, त्यांनीही ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन्ही मजल्यांवर बातमी पोचली होती, "शेवटी सगळं एकत्रच जातं."

मी मावशींशी बोलले. त्या म्हणाल्या, "ताई, दोन्हीत सगळंच असतं. मी हात घालून कुठे निवडत बसू? आणि खाली नेऊन ठेवायला जागा एकच आहे." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मीच त्यांना न विचारता सगळं ठरवलं होतं.

आता लोकांचा विश्वास उडालाय. ज्यांनी हे आपल्या ऑफिसात करून पाहिलंय त्यांनी सांगा, दुसऱ्यांदा सुरुवात कुठून करावी?

कागदी_होडी

तुमचा प्रश्न 'लोकांना कसं तयार करावं' असा आहे, पण तुमच्या लिहिण्यातच उत्तर आलंय. लोक तयार होतेच, दोन आठवडे त्यांनी केलंही. तुटली ती पुढची कडी.

पिशवी ऑफिसातून बाहेर पडल्यावर कुठे जाते हे आधी स्वतः चालत जाऊन बघा. आम्ही तेच केलं होतं. सफाईच्या दादांबरोबर मी आणि आणखी एक जण संध्याकाळी तळघरापर्यंत गेलो. तिथे इमारतीतल्या सगळ्या ऑफिसांच्या पिशव्या एकाच कोपऱ्यात पडलेल्या. म्हणजे वर कितीही नीट वेगळं केलं तरी खाली ढीग एकच. मग इमारतीच्या व्यवस्थापनाशी बोलून दोन जागा आखून घेतल्या, कागद-पुठ्ठा कोण नेणार आणि कोणत्या वारी नेणार हे पक्कं केलं, आणि त्यानंतरच वरच्या मजल्यावर तोंड उघडलं. उलट क्रमाने जायचं: गाडी, तळघर, पिशवी, डस्टबिन आणि सगळ्यात शेवटी माणूस.

एक छोटी गोष्ट लगेच करा, काळ्या पिशव्या बंद करून पारदर्शक आणा. काळ्या पिशवीत काय आहे ते कुणालाच कळत नाही, टाकणाऱ्याला नाही आणि उचलणाऱ्यालाही नाही. पारदर्शक पिशवीत कागदांमध्ये भाजीचा रस्सा सांडलेला असेल तर लांबूनच दिसतो.

मोजपट्टी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. त्यात एक भर घालतो. पुन्हा सुरू करण्याआधी एक दिवस कचरा मोजा. अंदाज बांधू नका, खरंच पसरा आणि मोजा.

आम्ही एका दिवसाचा सगळा कचरा गच्चीवर ताडपत्रीवर ओतला. जाड हातमोजे, मास्क, बॅगा तोलायचा लटकता काटा आणि पाच जण. उरलेलं अन्न, चांगला कागद, मळलेला कागद आणि टिश्यू, कप, बाटल्या, पातळ प्लास्टिकची वेष्टणं, आणि 'हे काय आहे' असे सात ढीग झाले. दीड तास लागला. वजनात सगळ्यात जड ढीग अन्नाचा निघाला, आकाराने सगळ्यात मोठा कपांचा. आम्हाला वाटत होतं की आमचा मुख्य प्रश्न कागद आहे. बाटल्यांच्या ढिगात निम्म्याहून जास्त बाटल्यांत पाणी शिल्लक होतं. मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक बाटली ठेवायची पद्धत होती, दोन घोट घेऊन लोक उठून जायचे. त्या एका दृश्यामुळे बाटल्या बंद झाल्या आणि जग-ग्लास आले. त्यासाठी मला कुणाला समजावावं लागलं नाही, गच्चीवरचा फोटो पुरला.

कागदाचा हिशेब तर घरबसल्या करता येतो. ए-० कागद म्हणजे बरोबर १ चौरस मीटर. ए-४ म्हणजे त्याचा सोळावा भाग. आपला नेहमीचा कागद ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम. ८० भागिले १६, एक पान ५ ग्रॅमचं. ५०० पानांचं एक रीम म्हणजे अडीच किलो. महिन्याला किती रीम येतात आणि कागदाच्या पिशव्यांचं वजन किती भरतं हे शेजारी शेजारी मांडा. मधला सगळा फरक फायलींत गेलेला नसतो, बराचसा चुकीच्या डस्टबिनमध्ये सापडतो.

आडवी_रेघ

थोडं वेगळं मत मांडतो. हे सगळं ठीक आहे, पण शिस्त नावाची गोष्ट असते की नाही? शिकलेली, मोठ्या पदांवरची माणसं आहेत. चुकीच्या डब्यात टाकणाऱ्याचं नाव फलकावर लावा, दोन दिवसांत सगळे सरळ होतील. दरवेळी आपणच का लोकांच्या सोयीने वागायचं?

सांजवारा

आडवी_रेघ, तुमची चीड समजते. मीही त्यातून गेले आहे. पण नावं लावण्याचा प्रकार आमच्या जुन्या ऑफिसात झाला होता. एका मुलीचं नाव लागलं, पाकिटावरच्या पत्त्यावरून. ते पाकीट तिने टाकलंच नव्हतं. त्यानंतर लोकांनी आपल्या नावाचं काहीही ऑफिसात टाकणं बंद केलं, जाताना बॅगेत घालून रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकायला लागले. वेगळं करणं वाढलं नाहीच, वर प्रत्येकाच्या मनात संशय बसला.

शिस्तीबद्दल म्हणाल तर एक अभ्यास सांगते. स्वीडनमधल्या एका मोठ्या विद्यापीठात हे करून पाहिलं आणि २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. कागद वाचवा अशी विनंती लोकांना केली, तिचा कागदाच्या वापरावर काहीच परिणाम झाला नाही. मग प्रिंटरची मूळ सेटिंग एका बाजूऐवजी दोन्ही बाजूंनी छापण्याची केली. रोजचा कागद १५ टक्क्यांनी कमी झाला, तोही लगेच, आणि पुढेही तसाच राहिला. माणसं तीच होती. कुणाला एकाच बाजूने छापायचं असेल तर मुभा होतीच, फक्त त्यासाठी एक बटण जास्त दाबावं लागत होतं.

मला यातून एवढं कळलं की ऑफिसातला माणूस कचरा टाकताना विचार करत नसतो. फोन कानाला असतो, पुढची मीटिंग डोक्यात असते. हात जिथे सहज जातो तिथे वस्तू पडते. म्हणून माझ्या मते हाताच्या वाटेत काय ठेवायचं ते ठरवायला हवं.

मोजपट्टी

सांजवारा, अगदी बरोबर. झाकणाचंही तसंच आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाटल्या-कॅनच्या डब्यांना फक्त गोल भोकाचं झाकण बसवलं होतं. योग्य डब्यात पडणाऱ्या बाटल्या-कॅन ३४ टक्क्यांनी वाढले. कागदाच्या डब्याला पत्रपेटीसारखी चीर, बाटल्यांच्या डब्याला गोल भोक. कागदाच्या चिरेत उरलेलं जेवण ओतायला माणसाला मुद्दाम खटपट करावी लागते. आम्ही जुन्या झाकणांना करवतीने चिरा पाडून घेतल्या, काम भागलं.

पाऊलखुणा

टेबलाखालची डस्टबिन काढा. माझ्या अनुभवात याहून मोठा बदल कशानेच झाला नाही.

प्रत्येकाच्या पायाशी एक छोटा डबा असतो ना, त्यात सफरचंदाचं देठ, चिकट कागद, टिश्यू, पेनाची कांडी सगळं एकत्र पडतं. तिथेच वेगळं करण्याचा विषय संपतो. आम्ही ते सगळे डबे काढले आणि दर पंधरा-वीस माणसांमागे एक ठिकाण केलं. तिथे ओला, कागद, इतर सुका असे तिन्ही डबे कायम एकमेकांना चिकटून. एकटा डबा कुठेही ठेवायचा नाही हा आमचा एकच कडक नियम. एकटा डबा दिसला की त्यात सगळं पडणारच, मग त्याच्यावर काहीही लिहिलेलं असो.

पहिल्या आठवड्यात तक्रारींचा पाऊस पडला. "आता कागदाचा बोळा टाकायला उठून जायचं का?" हो, जायचं. टेबलावर कागदांसाठी एक उघडा ट्रे ठेवा, दिवसाअखेर एकदा नेऊन ओता. पण हे करताना साहेबांच्या केबिनमधला डबाही त्याच दिवशी निघाला पाहिजे. आमच्याकडे सुरुवातीला दोन केबिनमधले डबे राहिले होते आणि सगळ्या मजल्याचं लक्ष त्या दोन डब्यांवर होतं. ते निघाले आणि तक्रारी बंद झाल्या.

सफाईच्या माणसांचंही वाकणं वाचतं. दीडशे टेबलांखाली दीडशे वेळा वाकणं म्हणजे काय हे त्यांच्या कंबरेला विचारा.

हिरवी_पाटी

मी प्रिंटिंगच्या व्यवसायात आहे, कागदावर दोन शब्द लिहिते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच दिसतात.

दिसायला कागद असलेली प्रत्येक वस्तू कागदाच्या डब्यात चालत नाही. चहा-कॉफीच्या कागदी कपाला आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, म्हणूनच तो गळत नाही. साध्या कागदाबरोबर लगद्यात तो थर सुटत नाही, त्याला वेगळी प्रक्रिया लागते. पैसे भरल्यावर मिळणारी गुळगुळीत पावती उष्णतेवर छापलेली असते, त्या कागदावर बिस्फेनॉलसारखी रसायनं असू शकतात. बिस्फेनॉल-ए युरोपीय संघाने २०२० पासून अशा कागदात जवळजवळ बंदच केलं. त्या पावत्या कागदात टाकू नका, नाहीतर ते रसायन पुढच्या कागदात जातं. टिश्यू आणि हात पुसायचे कागद यांचा धागा आधीच इतका आखूड झालेला असतो की त्यापासून पुन्हा कागद होत नाही. कागदाचा धागा दर फेरीत तुटत जातो, साधारण ५ ते ७ फेऱ्यांनंतर तो कामाचा राहत नाही. नुसत्या पाण्याने भिजलेला टिश्यू खुशाल ओल्यात टाका.

श्रेडरचा भुगा वेगळ्या पिशवीत बांधा. सुटा टाकला तर वर्गीकरणाच्या यंत्रांमधून तो गळून जातो. आणि खरं तर सगळंच श्रेड करायची गरज नसते. आमच्याकडे जेवणाच्या मेनूचे कागदसुद्धा लोक श्रेडरमध्ये घालायचे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेल. तेलाचा डाग पडलेला एक पुठ्ठा आजूबाजूचे दहा कोरडे कागद बिघडवतो. पाणी वाळतं, तेल वाळत नाही, लगद्यातही ते पाण्यात मिसळत नाही. म्हणून "कागद" एवढीच पाटी लावण्यापेक्षा "कोरडा, स्वच्छ कागद" लिहा.

तिसरा_मजला

हिरवी_पाटी, मनापासून आभार. आमच्या पोस्टरवर कपाचं चित्र कागदाच्या बाजूला होतं! उद्याच काढते.

एक प्रश्न. प्लास्टिकच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, आमच्यातले बरेच जण तो बघून "हे रिसायकल होतं" म्हणतात आणि टाकतात. हे बरोबर आहे का?

कागदी_होडी

नाही, आणि यात लोकांचा दोष नाही, खूणच फसवी आहे. तीन बाणांचं चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं, ते पुनर्वापरासाठी होतं. आकड्यांची पद्धत १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणली. तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्यांचं. २ म्हणजे एचडीपीई, साबणाच्या वगैरे जाड बाटल्यांचं. ५ पॉलिप्रोपिलिन, ६ पॉलिस्टायरिन. हा आकडाही तशाच तीन बाणांच्या त्रिकोणात असायचा, दिसायला सारखं असल्यामुळे गोंधळ झाला. इतका, की २०१३ साली त्या आकड्यासाठी बाण काढून साधा भरीव त्रिकोण वापरायचं मानक आलं. जुने साचे मात्र अजून चालू आहेत.

तुमचा कचरा नेणारा काय घेतो ही यादी त्याच्याकडून लिहून घ्या आणि तीच भिंतीवर लावा. शंका असेल तर ती वस्तू 'इतर'मध्ये. "होत असेल रिसायकल" असं म्हणत चांगल्या मनाने टाकलेली चुकीची वस्तू आख्खी पिशवी बाद करू शकते.

निळी_शाई

धागा फार चांगला चाललाय. एका विषयावर कुणी बोललेलं नाही, म्हणून लिहिते. स्वच्छतागृहातला कचरा.

आमच्या ऑफिसात वापरलेले सॅनिटरी पॅड कधी सुक्या डस्टबिनमध्ये, कधी तसेच उघडे पडलेले असायचे. ते हाताने उचलणारी कुणीतरी बाई असते. आम्ही प्रत्येक टॉयलेटमध्ये पायाने उघडणारा झाकणाचा डबा ठेवला, बाजूला कागदी पाकिटांचा गठ्ठा, आणि पाकिटावर मोठी लाल खूण. ती पिशवी बाकी कशातही मिसळायची नाही. मीटिंगमध्ये हा विषय काढताना मला संकोच वाटला होता. पण नंतर सफाईच्या ताईंनी हात धरून सांगितलं की इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

तसंच कटरची पाती आणि फुटलेली काच. पुठ्ठ्यात गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर 'काच' लिहा. पिशवी उचलताना ती पायाला घासते, तेव्हा पातं थेट पोटरीत जातं.

आडवी_रेघ

निळी_शाई, तुमचा प्रतिसाद वाचून माझा सूर बदलला हे कबूल करतो. मी फलकावर नावं लावायच्या गोष्टी करत होतो, पण पिशवी उचलणाऱ्याचा विचार केला नव्हता.

आमच्या विभागात एक गोष्ट करता येईल असं दिसतंय. जुन्या बॅटऱ्या, चार्जर, बंद पडलेले माउस प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये साचलेत. याचं काय करावं?

मोजपट्टी

त्यासाठी एकच कुलूपबंद पेटी ठेवा, आयटीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर. बॅटऱ्या, विशेषतः लिथियमच्या, साध्या कचऱ्यात कधीच टाकू नका. गाडीत दाबल्या गेल्या की आतला पडदा फुटतो, शॉर्ट होतो आणि आग लागते. पेटीत टाकण्याआधी टोकांवर चिकटपट्टी लावा. फुगलेली बॅटरी असेल तर ती पेटीतही नको, थेट आयटीकडे द्या.

ड्रॉवर भरलेले असतात ते बहुतेक वेळा भीतीमुळे. "यात माझा डेटा आहे." आयटीने हार्डडिस्क पुसून त्यावर सही-तारखेची चिठ्ठी लावायला सुरुवात केली की लोक आपणहून आणून देतात. जगभरात २०२२ साली सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. बराचसा माल असाच कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडून असतो.

सांजवारा

मजल्यामजल्यांत स्पर्धा ठेवायचा विचार असेल तर एक सावधगिरी. आम्ही 'सर्वात जास्त सुका कचरा गोळा करणारा मजला' असं बक्षीस ठेवलं होतं. लोकांनी घरची रद्दी आणून टाकली! मोजायचं असेल तर माणशी एकूण कचरा किती कमी झाला ते मोजा. वेगळं करणं दुसरं, मुळात कमी करणं पहिलं. कप धुवून वापरला तर तो कुठल्या डब्यात टाकायचा हा प्रश्नच उरत नाही.

आणि धुवायची सोय द्या. आम्ही सगळ्यांना चहाचे मग दिले, पण बेसिनपाशी ना साबण ना घासणी. आठवड्यात लोक पुन्हा कागदी कपांवर आले. घासणी आली, नंतर वाळत घालायला जाळी आली, तेव्हा कुठे ते मग टिकले.

तिसरा_मजला

दोन महिन्यांनी परत आले आहे. तुमच्या सांगण्याप्रमाणे उलट क्रमाने गेलो, त्याबद्दल लिहिते.

पहिली बैठक सफाईच्या चौघांबरोबर घेतली, खुर्च्या मांडून, कामाच्या वेळेत. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: जाड हातमोजे, पारदर्शक पिशव्या आणि ओल्या कचऱ्याला घट्ट झाकण. तिन्ही आठवड्यात आल्या. तळघरात दोन जागा आखल्या. मग कचरा मोजला. आमचाही सगळ्यात जड ढीग अन्नाचाच निघाला, म्हणून कँटीनमध्ये आधी अर्धं वाढायचं, हवं तर पुन्हा घ्यायचं, असं सुरू केलं. टेबलाखालचे डबे एका शनिवारी काढले, केबिनमधले आधी.

सोमवारी सकाळी मेल पाठवली नाही. त्याऐवजी मावशींना विचारून, त्यांच्या संमतीने, दोन पिशव्या खाली वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतानाचा फोटो जिन्यापाशी लावला. खाली एवढंच लिहिलं, "काल संध्याकाळचा." दर आठवड्याला फोटो बदलतो. त्यात कधी चूकही दिसते, तीही तशीच लावतो. "शेवटी सगळं एकत्रच जातं" हे वाक्य मी गेल्या महिनाभरात ऐकलेलं नाही.

अजून सगळं जमलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावर पाहुणे येतात, त्यांना माहीत नसतं, तिथला कागदाचा डबा दर दोन दिवसांनी बिघडतो. आणि ओल्याचं खत गच्चीवरच करायचं ठरवलंय, पण पहिल्याच पिंपाला वास यायला लागलाय. चहाचा चोथा आणि अन्न थरांनी टाकतो. काय चुकतंय?

हिरवी_पाटी

वाचून फार आनंद झाला.

पिंपात तुम्ही फक्त ओलं घालताय. खताला नत्राच्या साधारण ३० पट कार्बन लागतो आणि अन्नात तो खूप कमी असतो. दर थरावर तेवढीच किंवा त्याहून जास्त सुकी पानं टाका, नाहीतर तुमचाच फाडलेला, न छापलेला पुठ्ठा. चिकटपट्ट्या मात्र काढून घ्या. पिंपाला बाजूने भोकं आहेत का? हवा मिळाली नाही की आत सडतं आणि वास येतो, मिथेनही तिथेच तयार होतो. आठवड्यातून दोनदा काठीने खालून वर करा. मूठभर उचलून दाबून बघा, बोटांतून पाणी ठिबकलं तर पुठ्ठा वाढवा. आठ-दहा दिवसांत वास जायला हवा. नाही गेला तर फोटो टाका.

पाऊलखुणा

पाहुण्यांच्या मजल्यासाठी: कागदाचा डबा तिथून उचलून प्रिंटरपाशी न्या, तिथेही बाकीच्या डब्यांना चिकटूनच. पाहुण्यांच्या हातात कागद नसतो, कप असतो. त्यांच्या बैठकीत काचेचे ग्लास आणि कपबश्या ठेवा आणि त्या परत ठेवायला दाराजवळ एक ट्रे.

तिसरा_मजला

दोन्ही उद्या करते. भोकं नाहीत पिंपाला, ड्रिल मागवलंय.